हॉटेलातील ताट आणि दुग्धवर्जित आहार

आहार हा तीन उपस्तंभांपैकी पहिला उपस्तंभ होय, हे आपण पदवीच्या अभ्यासक्रमात आरंभीच शिकतो. परंतु रुग्ण घेत असलेल्या आहारापैकी किती भाग त्याच्या घरी शिजतो, हा प्रश्न पथ्यपत्रक लिहिताना आपल्या मनात क्वचितच येतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, धुळ्यात शिक्षणासाठी राहिलेली विद्यार्थिनी, सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा या महामार्गांवर सतत फिरणारा औषध प्रतिनिधी, ही मंडळी दिवसातील एक तरी जेवण खानावळीत, ढाब्यावर वा हॉटेलात घेतात. त्यांतच दूध, दही, ताक, लोणी, तूप हे सर्व सोडलेले रुग्णही आता आपल्याकडे येऊ लागले आहेत. या आहारास 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मधही त्यात वर्ज्य आहे.

क्षीर आणि घृत यांना अग्रस्थान देणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी. त्यामुळे असा रुग्ण समोर बसला की त्याची समजूत घालून त्याला पुन्हा दुधाकडे वळवावे, अशी आपली पहिली प्रवृत्ती होते. आमच्या मते ही प्रवृत्ती आवरली पाहिजे. रुग्णाने ताटातून काय काढले यापेक्षा त्या रिकाम्या जागी काय आले, हे पाहणे वैद्याचे काम आहे. हॉटेलात जेवणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर ते अधिकच आवश्यक ठरते.

दूध कोणत्या कारणाने सोडले?

प्रथम कारण विचारावे, कारण त्यावर पुढील सर्व सल्ला अवलंबून आहे. असे रुग्ण स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिल्या प्रकारातील रुग्णास दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. दूध घेतल्यावर आध्मान, आटोप, द्रवमलप्रवृत्ती होते. अशा रुग्णास तूप बहुधा बाधत नाही व ताकही पुष्कळदा मानवते. त्याने डाळीच्या फोडणीतील तुपाला भिण्याचे कारण नाही.

दुसऱ्या प्रकारातील रुग्णास दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते. येथे अल्प अंशही धोकादायक ठरू शकतो. ज्या तव्यावर लोणी लावून डोसा काढला, त्याच तव्यावरील साधा डोसाही त्याला निर्धोक नाही. ओठ-जिभेवर शोथ, श्वासकष्ट, सर्वांगावर उत्कोठ अशी लक्षणे दिसल्यास चूर्ण-वटीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

तिसऱ्या प्रकारातील रुग्णाने अहिंसेच्या वा अन्य तत्त्वाच्या भूमिकेतून दूध सोडलेले असते. त्याला शारीरिक अपाय होणार नसला, तरी नकळत तूप पोटात गेल्यास त्याच्या मनाला क्लेश होतो. 'थोड्याने काय होते' हे उत्तर त्याला देणे योग्य नव्हे. जैन रुग्णास आपण कांद्याविषयी असे कधी म्हणत नाही.

खान्देशी ताटाची अनुकूलता

खान्देशातील पारंपरिक जेवणाचा मोठा भाग मुळातच दुग्धवर्जित आहे, ही गोष्ट रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. वांग्याचे भरीतच घ्या. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजून, ती लाकडी भांड्यात ठेचून, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे व खोबऱ्याचे काप घालतात आणि वरून तेलाची फोडणी देतात. असोदा-बामणोद परिसरातील भरताच्या वांग्याचा लौकिक जुना आहे. जळगावच्या भरीत वांग्यास आणि जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हिवाळ्यात जळगाव शहरातील भरीत केंद्रांवर दुग्धवर्जित आहार घेणाऱ्याला निर्वेधपणे जेवता येते. भरतात दही मिसळलेले नाही ना, एवढेच विचारावे.

भरतासोबतची कळण्याची भाकरी हे तर ज्वारी आणि अख्खे उडीद यांचे सुज्ञ संयोजन आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ती उणीव उडदाने भरून निघते. उडीद स्निग्ध, वातहर व बल्य आहेत. दुधाविना प्रथिने कोठून मिळणार, असे विचारणाऱ्या रुग्णास हे उत्तर त्याच्याच चुलीवरचे आहे. मात्र उडीद गुरू असल्याने मंदाग्नीच्या रुग्णाने मात्रा सांभाळावी.

शेवभाजी, डुबुकवडे, ठेचा, गंगाफळाची भाजी यांतही सामान्यतः दूध नसते. पातोड्यांचे पीठ काही ठिकाणी ताकात भिजवतात, म्हणून तेथे विचारणे इष्ट. वरण-बट्टीत बट्टी तेलात तळली की तुपात, आणि वरणावर तूप वाढले का, हे दोन प्रश्न आवश्यक आहेत. खापरावरील पुरणपोळीबरोबर तूप वा दूध येतेच. हॉटेलातील आमरसातही पुष्कळदा दूध मिसळलेले असते.

मेनूकार्डावरील नावे

अडचण उत्पन्न होते ती पंजाबी पदार्थांच्या पानावर. 'व्हेज' या शब्दाने रुग्ण निश्चिंत होतो. पण पांढऱ्या ग्रेव्हीत खवा वा साय, लाल ग्रेव्हीत लोणी, नानच्या पिठात दही वा दूध आणि रोटीवर वरून लोणी असते. पावभाजीविषयी सांगणे नकोच. पाव, बिस्किटे यांतही दूधभुकटी असू शकते.

पाकीटबंद अन्नावरील हिरवे चिन्ह केवळ शाकाहार दर्शविते. त्यात दूध असू शकते. व्हीगन अन्नासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम व स्वतंत्र चिन्ह लागू केले. परंतु हे चिन्ह पाकिटावर दिसेल, हॉटेलच्या ताटात नव्हे. दूध व अन्य ॲलर्जीकारक घटकांची माहिती मेनूवर देण्याचे बंधन दहा वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांच्या साखळ्यांवर आहे. आपल्या गावच्या एकट्या हॉटेलात ग्राहकाने विचारणे हाच मार्ग उरतो.

तेथेही विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. 'जैन' किंवा 'उपवासाचे' म्हटले की आचाऱ्याला नेमके कळते. 'व्हीगन' म्हटल्यास ते कळेलच असे नाही. म्हणून रुग्णास साध्या मराठीत चार प्रश्न शिकवावेत : फोडणी कशात देता? ग्रेव्हीत काय घालता? पीठ कशाने भिजवले? वरून काय सोडता? चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ विशेष आयतनांत करण आणि संयोग यांना स्थान दिले आहे. हे चार प्रश्न म्हणजे त्याच दोन आयतनांचे व्यवहारातील रूप होय. द्रव्याच्या नावापेक्षा त्यावर झालेला संस्कार आणि त्यात मिसळलेले दुसरे द्रव्य निर्णायक असते.

हॉटेलात 'तूप' म्हणून वापरलेला पदार्थ काही वेळा वनस्पती तूप असतो. तो दुग्धवर्जित खरा, पण म्हणून हितकर ठरत नाही. खाद्य तेले व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली गेली आहे. तरीही तेच ते तेल पुनःपुन्हा तापवून तळण्याचा दोष त्याने जात नाही.

तूप गेले, तिखट राहिले

आमच्या दृष्टीने या विषयाचा गाभा येथे आहे. खान्देशी जेवणातील तिखट, काळा मसाला, लसूण व तेलाची तर्री यांचा तीक्ष्ण-उष्ण गुण घरच्या ताटात तूप आणि ताक यांनी काही अंशी सौम्य होत असे. दुग्धवर्जित आहार घेणारा रुग्ण हॉटेलात बसला की ही सौम्य करणारी द्रव्ये जातात आणि तीक्ष्ण द्रव्ये मात्र पूर्ण मात्रेत राहतात. त्यातच खान्देशच्या ग्रीष्माची भर. मग अम्लोद्गार, मुखपाक, गुददाह, रक्तार्श ही लक्षणे घेऊन रुग्ण येतो आणि 'मी तर दूधही घेत नाही, मग पित्त कसे?' असे विचारतो.

स्नेहाची योनी स्थावर व जंगम अशी द्विविध सांगितलेली आहे आणि स्थावर स्नेहांत तिळतेल श्रेष्ठ मानले आहे. तथापि तिळतेल उष्ण आहे. पित्तशमनात ते घृताची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्टपणे मान्य करावे. त्या जागी ओले खोबरे, कोहळा, दुधी, मूग, काळ्या मनुका, आवळा, धणे, बडीशेप यांची योजना करावी. शेवभाजी खायचीच असेल तर वरची तर्री काढून, भाकरी जास्त व रस्सा कमी, सोबत काकडी, आणि ती रात्रीऐवजी दुपारी, असे सांगता येते. ताकाऐवजी धणे-जिऱ्याचे पाणी घ्यावे. प्रमाण म्हणजे राशी आणि वेळ म्हणजे काल. ही दोन आयतने हॉटेलातही रुग्णाच्याच हाती असतात.

जेथे पर्याय अनिवार्य आहे

महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. १९१८ च्या दीर्घ आजारात ते अत्यंत क्षीण झाले. वैद्य-डॉक्टरांचा दुधासाठी आग्रह होता. अखेर १९१९ च्या आरंभी त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले आणि ती तडजोड त्यांच्या मनाला पुढेही सलत राहिली. त्या काळच्या चिकित्सकांपुढे दुधावाचून दुसरा मार्ग नव्हता. आज परिस्थिती बदलली आहे. जीवनसत्त्व बी-१२ हे १९४८ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले आणि आता ते गोळी वा सूचिकाभरण रूपाने सहज उपलब्ध आहे. तत्त्व न मोडता शरीर राखणे आता शक्य आहे.

वनस्पतिज आहारात बी-१२ चा विश्वासार्ह स्रोत नाही. शाकाहारी रुग्णाने दूधही सोडले की तो शेवटचा नैसर्गिक स्रोत बंद होतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने लक्षणे उशिरा प्रकट होतात. पांडुता, जिव्हादाह, हातापायांस मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मृती ही लक्षणे केवळ वातव्याधी समजून तेल-बस्तीवर काळ काढल्यास मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णात ही न्यूनता अधिक संभवते. म्हणून दूध सोडलेल्या प्रत्येक रुग्णाची बी-१२ तपासणी करून घ्यावी व पूरक मात्रा नियमितपणे चालू ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कॅल्शियमसाठी तीळ, राजगिरा, शेवग्याची पाने यांची योजना करावी.

जेवणानंतरचे औषध

हॉटेलातील जेवणानंतर रुग्ण आपल्याकडे किंवा थेट औषधी दुकानात येतो आणि शंखवटी मागतो. शंख हे प्राणिज द्रव्य आहे. कामदुधा, प्रवाळ पंचामृत यांतही शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ, मौक्तिक यांची भस्मे आहेत. सूतशेखरात शंखभस्म आहे. तत्त्वाने प्राणिज पदार्थ सोडलेल्या रुग्णास हे सांगणे आपले कर्तव्य होय. त्याला अविपत्तिकर चूर्ण, गुडूची सत्त्व, आमलकी, शतावरी हे पर्याय देता येतात. यष्टिमधुही उपयुक्त आहे, परंतु उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ते जपून द्यावे. हिंग्वाष्टक चूर्ण तुपाऐवजी आणि लवणभास्कर ताकाऐवजी कोमट पाण्याबरोबर द्यावे.

औषधी विक्रेत्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. च्यवनप्राशात तूप व मध दोन्ही असतात. गुग्गुळ कल्प कुटताना तूप वापरण्याची पद्धत आहे. अनेक द्रव्यांचे शोधन गोदुग्धात वा गोमूत्रात होते. गोळ्यांत लॅक्टोज असू शकते, आणि साधे कॅप्सूल जिलेटिनचे असते. वनस्पतिज आवरणाची कॅप्सूलही मिळते. याउलट गोदंती हे नावाने फसविणारे द्रव्य आहे. ते खनिज असून त्याचा गाईच्या दाताशी काहीही संबंध नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत घटकपत्रिका वाचल्याखेरीज पुडी बांधू नये.

पथ्यपत्रकासाठी

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या पथ्यपत्रकात 'बाहेर जेवताना' हा एक स्वतंत्र रकाना जोडावा, अशी आमची सूचना आहे. त्यात वरील चार प्रश्न, आपल्या गावात निर्वेधपणे घेता येतील असे पाच-सहा पदार्थ, टाळावयाचे पदार्थ आणि पुढील बी-१२ तपासणीची तारीख लिहावी. 'हॉटेलात जेवू नका' हे वाक्य लिहिणे सोपे आहे, पण ज्याचे पोटच फिरतीवर अवलंबून आहे त्याला ते पाळता येत नाही. आणि न पाळता येणारे पथ्य लिहून दिले की रुग्ण पाळता येण्याजोगे पथ्यही सोडून देतो. भरीत, कळण्याची भाकरी आणि धणे-जिऱ्याचे पाणी हे पथ्य मात्र जळगावात आणि धुळ्यात त्याला पाळता येईल.