मालिश करा, पण आधी दुखणं ओळखा

कासुर्डी (ता. दौंड) : दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, उसाला पाणी दिलं की रात्री घरात एकच आवाज येतो, "जरा पाठीला तेल लावा." मालिश आपल्याला नवी नाही. बाळ-बाळंतिणीचा शेक, तालमीत पैलवानांची मालिश, नरकचतुर्दशीचं पहाटेचं तेल-उटणं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण कोणतं दुखणं चोळायचं आणि कोणतं नाही, हे माहीत नसेल तर आराम राहतो बाजूला आणि दुखणं वाढतं.

फायदा काय?
चोळल्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, मनावरचा ताण उतरतो, झोप चांगली लागते. कामानं भरून आलेली पाठ, मान, कंबर यांना थोड्या दिवसांपुरता आराम पडतो. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथात रोज अंगाला तेल लावावं असं सांगितलंय. पण अजीर्ण झालेल्यानं आणि कफ वाढलेल्यानं मालिश टाळावी, असंही तिथंच लिहिलंय. म्हणजे जुन्या जाणत्यांनीही मर्यादा घालून दिलीय.

माझा अनुभव
दोन वर्षांपूर्वी बांधावरून पाय घसरून मी हातावर पडलो. मनगट सुजलं. लचक भरली असेल म्हणून तीन दिवस गरम तेलानं चोळून घेतलं. सूज उतरेना, बोटं वळेनात. शेवटी एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं. चोळल्यामुळं ते आणखी सरकलं होतं. काम दोन महिन्यांवर गेलं, आणि ऐन हंगामात मजूर लावावे लागले.

इथं मालिश करू नका
- पडल्यावर किंवा मार लागल्यावर सूज आली, अवयव वाकडा दिसतोय : आधी एक्स-रे.
- एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय : शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ऑपरेशन झाल्यावर किंवा बरेच दिवस अंथरुणावर असल्यावर हा धोका जास्त.
- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम : 'वात धरलाय' म्हणून चोळत बसू नका. लगेच 108 ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे.
- ताप, जखम, गळू किंवा अंगावर पुरळ असेल तर.
- साप चावल्यावर ती जागा चोळू नका. अवयव न हलवता थेट दवाखाना गाठा.

बाळाची मालिश
हात हलका ठेवा. बाळाच्या नाकात, कानात तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाची छाती पिळून दूध काढणं, टाळू दाबणं हेही बंद करा. कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर आशाताई किंवा डॉक्टरांना विचारूनच मालिश करा.

नुसत्या तेलानं भागत नाही
16 लिटरचा पंप भरला की 16 किलो पाणी आणि वर पंपाचं वजन, एवढं पाठीवर येतं. दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या, मध्ये मध्ये पंप खाली ठेवा. पोतं उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका. रोज तेच ओझं तसंच उचललं तर रात्रीची मालिश सकाळी वाया जाते. पाणी, पुरेशी झोप आणि नीट जेवण हाही उपचाराचाच भाग आहे.

कंबरदुखी दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पायाला मुंग्या येत असतील, पायातली ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका. आपल्याला यवतचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. तेलाची बाटली घरात असू द्या, पण ती उघडण्याआधी दुखणं कशाचं आहे, एवढं बघा.