जनसमुदायाची मोजणी : अंक आणि शब्द

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
- आंदोलनातील उपस्थितीचा अंदाज कसा बांधतात, हे सांगता येईल;
- एकाच आंदोलनाचे आकडे परस्परविरोधी का असतात, याची कारणमीमांसा करता येईल;
- वृत्तलेखनात अशा आकड्यांची भाषा पारखता येईल.

प्रास्ताविक

मोर्चा संपतो आणि आकड्यांचा वाद सुरू होतो. आयोजक लाखांत बोलतात, पोलीस हजारांत. सभागृहात मतदान मोजून होते; रस्त्यावरच्या मताला मात्र मतपेटी नसते. त्यामुळे किती माणसे आली, हा प्रश्न निव्वळ गणिताचा राहत नाही. मागणीमागे किती जनबळ आहे, हे त्या उत्तरावरून ठरवले जाते. म्हणूनच प्रत्येक पक्षाला आकडा आपल्या बाजूने झुकवावासा वाटतो.

क्षेत्रफळ आणि घनता

1960 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वृत्तविद्येचे अध्यापक हर्बर्ट जेकब्ज यांच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या निदर्शनांचे पटांगण दिसत असे. पटांगणाच्या फरसबंदीवर चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतील माणसे मोजून त्यांनी सरासरी काढली आणि तिला भरलेल्या चौकोनांच्या संख्येने गुणले. त्यातून पुढील ठोकताळे रूढ झाले : विरळ गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाट गर्दीत 4.5 चौरस फूट आणि अतिदाट गर्दीत 2.5 चौरस फूट जागा.

एक उदाहरण पाहू. मैदान 2,00,000 चौरस फुटांचे आहे, असे समजा. विरळ गर्दी असेल तर तेथे 20,000 माणसे मावतील. दाट असेल तर सुमारे 44,000. अतिदाट असेल तर 80,000. ‘मैदान भरले होते’ हे एकच वाक्य तिन्ही प्रसंगी खरे ठरते. आकडा मात्र चौपट होतो. शिवाय व्यासपीठाजवळची घनता मैदानाच्या कडेला नसते. म्हणून मैदानाचे भाग पाडून प्रत्येक भागाची घनता वेगळी धरावी लागते.

एका वेळचे की एकूण?

चालत्या मोर्चाला ही रीत अपुरी पडते, कारण काही लोक येत असतात, तर काही निघून जात असतात. तेथे ठरावीक ठिकाणी उभे राहून, ठरावीक वेळात पुढे गेलेली माणसे मोजतात. हाँगकाँगमधील 16 जून 2019 च्या मोर्चात आयोजकांनी जवळजवळ 20 लाखांचा आकडा दिला, तर पोलिसांनी 3,38,000 चा. पोलिसांचा आकडा मूळ मार्गावरील सर्वाधिक गर्दीच्या क्षणाचा होता. आयोजक दिवसभराच्या एकूण सहभागाविषयी बोलत होते. आकड्यांतील सगळी तफावत एवढ्याने मिटत नाही. तरी दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नव्हते, हे स्पष्ट होते.

मोजणारा कोण?

वॉशिंग्टन येथे 16 ऑक्टोबर 1995 रोजी ‘मिलियन मॅन मार्च’ झाला. नावातच दहा लाखांचे उद्दिष्ट होते. राष्ट्रीय उद्यान सेवेने 4,00,000 उपस्थिती सांगितली, तेव्हा आयोजकांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी छायाचित्रांवरून 8,37,000 असा अंदाज काढला व त्यात 20 टक्के कमी-अधिक धरावे, असे सांगितले. म्हणजे खरा आकडा साधारण 6.7 लाख ते 10 लाख यांच्या दरम्यान असू शकत होता. पुढे अमेरिकी संसदेने उद्यान सेवेला अशा गणनेवर निधी खर्च करण्यास मनाई केली. वाद टळला, पण एक अधिकृत आकडाही नाहीसा झाला.

ही पोकळी अभ्यासकांनी भरली. 21 जानेवारी 2017 रोजी अमेरिकेत साडेसहाशेहून अधिक ठिकाणी महिला मोर्चे निघाले. जेरेमी प्रेसमन आणि एरिका चेनोवेथ या राज्यशास्त्रज्ञांनी गावोगावचे वृत्तान्त जमवले व प्रत्येक ठिकाणासाठी किमान आणि कमाल असे दोन आकडे नोंदवले. देशभराची बेरीज सुमारे 33 लाख ते 52 लाख आली. त्यांनी एकच ठाम आकडा न देता मर्यादा दिल्या. आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही, हे त्यामुळे वाचकाला समजते.

भाषेची जबाबदारी

‘हजार’ हे निश्चित संख्याविशेषण आहे, तर ‘हजारो’ हे अनिश्चित. शेवटच्या एका ‘ओ’काराने मोजमाप सुटते आणि प्रभाव उरतो. ‘हजारो’ म्हटल्यावर निदान दोन हजार धरणे, एवढीच सावधगिरी वाचकाच्या हाती राहते. ‘जनसागर’ किंवा ‘अलोट गर्दी’ या शब्दांतून तेवढेही हाती लागत नाही. याउलट ‘सुमारे’, ‘किमान’, ‘पोलिसांच्या अंदाजानुसार’ हे शब्द आकड्याची खात्री किती आणि तो कोणाचा, हे प्रामाणिकपणे सांगतात.

आकडा फुगवला तर न आलेल्यांच्या नावे बोलल्यासारखे होते. तो घटवला तर रोजगार बुडवून आलेला माणूस नोंदीतून पुसला जातो. दोन्ही बाबतींत अन्याय माणसावरच होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. एकाच मोर्चाचे दोन आकडे एकाच वेळी खरे असू शकतात का? सोदाहरण स्पष्ट करा.
2. आपल्या परिसरातील एखाद्या सभेच्या दोन बातम्या मिळवा. त्यांतील संख्यावाचक शब्दांची निश्चित व अनिश्चित अशी विभागणी करून कोणती बातमी अधिक विश्वसनीय वाटते, ते सकारण लिहा.