कीचकाला सुपरहिरो गेममध्ये टाकलं तर?

अमरावती-अकोल्याचा माणूस चिखलदऱ्याला गेला की भीमकुंडाची गोष्ट ऐकूनच परततो. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि या कुंडात आंघोळ केली. म्हणून कीचकदरा, त्याचं पुढे चिखलदरा, अशी दंतकथा.

आता जरा अमेरिकेत जाऊ. १९८१ मध्ये तिथं 'चॅम्पियन्स' नावाचा सुपरहिरो गेम आला. स्क्रीन वगैरे नाही. टेबलाभोवती दोस्त, कागद, पेन्सिल आणि फासे. एकजण गेम मास्टर, खलनायक तो चालवणार. त्याला सुरुवात करता यावी म्हणून नियमांसोबत नमुन्याचे खलनायकही दिलेले. प्रत्येक शक्ती पॉइंट देऊन विकत घ्यायची. पॉइंट कमी पडले? मग एखादी कमजोरी घ्या, बदल्यात पॉइंट मिळतात. 'गुप्त ओळख' हीसुद्धा कमजोरीच.

या हिशोबात कीचक बसवून बघा. अंगात ताकद, विराटाचा सेनापती आणि वर राजाचा मेहुणा. सैरंध्रीनं भर दरबारात दाद मागितली तरी राजा गप्प. आमच्या मते त्याची खरी सुपरपॉवर हीच. कमजोरी म्हणाल तर सैरंध्रीवरचा डोळा.

पण पेच भीमाचा आहे. तो बल्लव नावाचा आचारी बनून अज्ञातवासात. उघड लढला आणि ओळखला गेला, तर पांडवांना पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणून मारामारी झाली रात्री, अंधाऱ्या नृत्यशाळेत. सकाळी नाव लागलं सैरंध्रीच्या गंधर्वांचं.