प्रतिसरकार कीं पत्रीसरकार?

राजकीय नांव लोकांच्या तोंडीं मूळ रूपांत क्वचितच टिकतें. १९४३ ते १९४६ या काळांत तेव्हांच्या, म्हणजे आजच्या सांगलीसह असलेल्या, सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार चाललें. 'प्रति' म्हणजे समांतर. परंतु हा उपसर्ग बोलीला परका. गुन्हेगारांच्या तळपायांना पत्रे ठोकतात, अशी वार्ता पसरली आणि 'प्रति'चें 'पत्री' झालें! त्या नांवानें गुंड धास्तावले, हें खरें. पण गांवोगांवचें न्यायदान, अल्प खर्चाचे विवाह हीं कामें त्याआड झांकलीं गेलीं. शिक्षा लक्षांत राहिली, न्याय विस्मरणांत गेला. म्हणून कोणी 'अमुकवादी' आहे, असें ऐकतांच भिऊं नये, भुलूंहि नये; त्या नांवाखालीं प्रत्यक्ष काय घडलें, तें आधीं विचारावें.