सांडलेलें तेल आणि गोड्या पाण्यांतील सूक्ष्मजंतु

पावसाळ्यांत रस्त्यावरील डबक्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा तवंग आमच्या बालवाचकांनीं पाहिलाच असेल. तो खनिज तेलाचा होय. हा तवंग पुढें जातो तरी कोठें? कांहीं भाग वाफ होऊन उडतो. आणि बाकीचा पुष्कळसा, ऐकून नवल वाटेल, चक्क खाल्ला जातो!

तेल खाणारे सूक्ष्मजंतु माती व पाणी यांत सर्वत्र आढळतात. त्यांस तोंड नाहीं कीं दांत नाहींत. ते कर्ब व हायड्रोजन यांच्या बनलेल्या तेलकणास प्राणवायु जोडतात. मग त्या कणाचे तुकडे होत होत शेवटीं कर्बाम्लवायु व पाणी एवढेंच उरतें. डांबरासारख्या जड भागापुढें मात्र त्यांचें फारसें चालत नाहीं.

परंतु प्राणवायूच संपला तर? याचें उत्तर अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत मिळालें. तेथें बेमिजी गांवानजीक २० ऑगस्ट १९७९ रोजीं तेलाचा नळ फुटून सुमारें १७ लक्ष लिटर कच्चें तेल सांडलें. उपसून, जाळून, माती खणून बरेंचसें काढलें. तरी सुमारें ४ लक्ष लिटर जमिनींत मुरून खालच्या पाण्यापर्यंत पोहोंचलें. १९८३ पासून शास्त्रज्ञांनीं तेथें निरीक्षण चालविलें आहे.

प्राणवायु लवकरच सरला, पण जंतूंचें भोजन थांबलें नाहीं. समुद्रांत गंधकयुक्त क्षार विपुल असतात व तेथील जंतु त्यांवर निभावून नेतात. गोड्या पाण्यांत ते थोडे. म्हणून येथील जंतूंनीं मातींतील गंजरूपी लोहाचा आश्रय केला, आणि तेंही सरलें तेथें मिथेन वायु निर्माण होऊं लागला. ही रीत फार मंद. चाळीस वर्षें उलटलीं तरी तेल पुरतें संपलें नव्हतें. तथापि बेंझिनसारखीं विषारी द्रव्यें वाटेंतच खाल्लीं गेल्यामुळें पाण्याबरोबर फार दूर गेलीं नाहींत, हा लाभ लहान नव्हे.

येथें एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी असें आम्हांस वाटतें. जंतूंच्या या उद्योगानें गंज विरघळला म्हणजे त्यास चिकटलेला मातींतील मूळचा सोमलही सुटून पाण्यांत उतरतो. बेमिजी येथें हेंच आढळलें. तेल तेथें सोमल घेऊन आलें नव्हतें. तो जमिनींतच निजलेला होता. पुढें जेथें न विरघळलेला गंज शिल्लक आहे, तेथें तो पुन्हां मातीस चिकटतो.