बाळाचा सेंद्रिय आहार : घरात आणि धंद्यात

अमरावती-अकोल्याच्या बाजारात ‘सेंद्रिय’ हा शब्द आता किराणा दुकानापर्यंत पोहोचला आहे. लहान बाळांसाठी सेंद्रिय धान्याच्या पिठाचे महागडे डबे आपल्या कारागीर बांधवांच्या घरीही येऊ लागले आहेत. काही घरांतून असाही विचार ऐकू येतो की हे पीठ आपणच दळावे, पुड्या बांधाव्यात आणि विकाव्यात. घरी करणे अगदी सोपे आहे. विकणे मात्र सोपे नाही. म्हणून दोन्ही बाजू आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम मूळ गोष्ट. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरचा आहार सुरू करावा, पण आईचे दूध बंद करू नये. कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २३३व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. आज डॉक्टरही दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही दूध पाजण्याचाच सल्ला देतात.

आता कृती. तीन वाट्या गहू आणि एक वाटी मूग निवडून, धुऊन रात्रभर वेगवेगळे भिजवावेत. ओल्या स्वच्छ फडक्यात बांधून मोड आणावेत. कडक उन्हात वाळवावेत आणि मोड चोळून पाखडून टाकावेत. मग मंद आचेवर भाजून बारीक दळावे. मोड आल्याने धान्यातील पिठूळपणा फुटतो आणि खीर फार घट्ट होत नाही. त्यामुळे कमी पाण्यात जास्त पीठ शिजते आणि बाळाच्या लहानशा पोटात जास्त सत्त्व जाते. आपल्या वऱ्हाडची ज्वारी उत्तम, पण ती मोड न आणता भाजूनच घ्यावी, कारण तिच्या कोंबात विषारी अंश असतो. पीठ पंधरा दिवसांपुरतेच करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रोज ताजे शिजवावे आणि वरून चमचाभर तूप घालावे. खीर चमच्यातून ओघळून जाईल इतकी पातळ नसावी. एक वर्षापर्यंत मीठ आणि साखर टाळावी.

आपल्या घरांत होणाऱ्या दोन चुका सांगणे जरूर आहे. पहिली, बाळाला वरणाचे पाणी किंवा नुसती यखनी पाजणे. पोट पाण्याने भरते, ताकद डाळीत आणि गोश्तमध्येच राहून जाते. डाळ घोटून द्यावी, गोश्त मऊ शिजवून अगदी बारीक वाटून द्यावे. बाळाला लागणारे लोह त्यातच असते. दुसरी चूक घुट्टीतील मधाची. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. मधात कधी कधी असे जंतू असतात की त्यांचे विष बाळाच्या कोवळ्या आतड्यात तयार होते.

सेंद्रिय धान्याचा प्रश्न आपल्या भागात हौसेचा नाही. येथे तूर कपाशीच्याच शेतात आंतरपीक म्हणून येते आणि कपाशीवर फवारणी किती होते हे सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले. सेंद्रिय शेतीसाठी शासनाने डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे मिशन अकोल्यातूनच चालवले आहे. तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनफवारणीचे धान्य वर्षाचे एकदम घेणे आपल्याला अवघड नाही. साठवताना बोरिक पावडर लावू नये. ऊन द्यावे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. मात्र ज्या घराला सेंद्रिय धान्य परवडत नाही, त्याने मन छोटे करू नये. साधे धान्य स्वच्छ धुऊन केलेली खीरही बाळाला पोसते.

आता धंद्याची बाजू. दोन वर्षांखालील बाळांच्या आहारासाठी १९९२चा केंद्रीय कायदा आहे आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यानुसार अशा आहाराची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, वेष्टनावर आईचे किंवा बाळाचे चित्र छापता येत नाही. शिवाय बाळांच्या आहाराचा दर्जा व तपासणी यांचे अन्न सुरक्षा कायद्याखालील नियम वेगळे आहेत. ते घरगुती चुलीवर पाळणे कठीण. ‘सेंद्रिय’ हा शब्द छापून दुकानांतून माल विकायचा तर त्याचे प्रमाणपत्रही लागते.

म्हणून ज्या भगिनींना हा उद्योग करायचा आहे त्यांनी अन्न खात्याची नोंदणी करून सर्वांसाठीचे साधे मोडाचे पीठ विकावे. बाळाच्या नावाने विकू नये. पुडीवर घटक, वजन आणि दळल्याची तारीख खरी लिहावी.

आम्ही कापडाच्या धंद्यातले आहोत. तागा उलगडून दाखवला की गिऱ्हाईक पोत हाताने पाहू शकते, खोट निघाली तर माल परत आणते. बाळ काही परत आणू शकत नाही. त्याच्या ताटात माप आणि बोल दोन्ही पूर्ण असले पाहिजेत, तरच त्या कमाईत बरकत.