खेळताना पुढचा दात तुटला तर?

वस्तीतल्या मुलांना खेळायला वेगळे मैदान क्वचितच मिळते. दोन चाळींमधली गल्ली, विहारासमोरचे पटांगण, शाळा सुटल्यावर तिचे आवार, हीच त्यांची मैदाने. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल सगळे तिथेच चालते. जयंतीच्या सुमारास मंडळांच्या स्पर्धाही तिथेच भरतात. जागा अपुरी आणि खाली फरशी किंवा सिमेंट, त्यामुळे पडणे-आपटणे आलेच. कुणाचे कोपर लागते, कुणाच्या हातून बॅट सुटते, चेंडू उसळून थेट तोंडावर येतो. अशा वेळी सर्वात जास्त मार बसतो तो वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना. ज्यांचे दात थोडे पुढे आलेले असतात आणि ओठ पूर्ण मिटत नाहीत, त्यांना धोका अधिक.

दात तुटला की घरात दोन गोष्टी ऐकू येतात. एक, "दुखत नाही ना, मग राहू दे." दुसरी, "आता काढूनच टाकावा लागेल." दोन्ही चुकीच्या आहेत. तुटलेला दात बहुतेक वेळा वाचवता येतो. तो किती चांगला वाचेल हे मात्र पहिल्या तासात जवळच्या माणसांनी काय केले यावर बरेच ठरते. त्या तासात करायच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, माहिती लागते. तीच आम्ही इथे देत आहोत.

आधी रागावू नका

"खेळायला जाऊ नको म्हटले होते ना?" हे वाक्य आपल्या तोंडी पटकन येते. मुलांना ते ठाऊक असते. म्हणून कित्येक मुले तोंडावर हात धरून गुपचूप घरी येतात, ओठ मिटून जेवतात आणि दोन-तीन दिवसांनी दात ठणकू लागला की मग सांगतात. तोवर महत्त्वाचा वेळ गेलेला असतो. तोंडाला लागले तर ताबडतोब सांगायचे, कोणी मारणार नाही, हे मुलांना आजच सांगून ठेवा. मुलींना तर आवर्जून सांगा. "आता हिचे लग्न कसे जमणार" असे शब्द कानावर पडतील या भीतीने त्या जास्त लपवतात.

आधी मूल पाहा, मग दात

तोंडाला मार बसला म्हणजे डोक्यालाही बसला असू शकतो. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले असेल, उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, डोके फार दुखत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा नाका-कानातून रक्त अथवा पाणी येत असेल, तर दाताचा विचार नंतर. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात न्या. तोंड उघडत नसेल किंवा दातावर दात पूर्वीसारखा बसत नसेल, तर जबडा मोडल्याची शंका घ्यावी. तेव्हाही रुग्णालयातच जावे.

असे काही नसेल तर मुलाला बसवा, डोके किंचित पुढे झुकवा आणि चूळ भरायला लावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून पाहू नका. ओठावर बाहेरून थंड पाण्याची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवला की सूज कमी राहते.

हळद, चुना, मशेरी, तंबाखू यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. दुखण्यासाठी पॅरासिटामोल चालते, पण मुलाच्या वजनाप्रमाणे. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. दातावर किंवा हिरडीवर गोळी ठेवण्याचीही पद्धत आहे, त्याने हिरडी भाजते.

"षटक संपू दे, मग जाऊ" असेही करू नका. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत अनिल कुंबळे यांनी जबडा मोडलेला असताना तोंडाला पट्टी बांधून गोलंदाजी केली, ते चित्र सगळ्यांना आठवते. त्यानंतर ते शस्त्रक्रियेसाठी लगेच मायदेशी परतले, हेही आठवावे.

दुधाचा की पक्का?

वरचे मधले पक्के दात साधारण सात-आठ वर्षांच्या वयात येतात. त्याहून लहान मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचा असतो. दुधाचा दात पूर्ण निघून आला तर तो परत बसवू नये, कारण त्याच्या वरच्या बाजूला हाडात पक्का दात तयार होत असतो आणि त्याला इजा होऊ शकते. तरीही मुलाला दातांच्या डॉक्टरांना दाखवावेच. दुधाच्या दाताचा मार आतल्या पक्क्या दाताला लागलेला असू शकतो.

पुढे जे सांगत आहोत ते पक्क्या दाताबद्दल.

तुकडा तुटला असेल तर

तुकडा शोधा. पुष्कळदा तोच तुकडा डॉक्टर पुन्हा दाताला चिकटवू शकतात. रंग, आकार सगळे मूळचे राहते. तुकडा कोरडा पडू देऊ नका, वाटीत थोडे दूध किंवा पाणी घेऊन त्यात ठेवा आणि सोबत न्या. घरच्या घरी फेव्हिक्विकने चिकटवण्याचा उद्योग करू नये.

तुकडा सापडला नाही आणि ओठ फाटला असेल, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. कधी कधी तुकडा ओठातच रुतून बसतो आणि वरून टाके घातले जातात. ओठाच्या एक्स-रेमध्ये तो दिसतो. तुकडा सापडत नाही आणि मुलाला सारखा खोकला किंवा धाप लागते आहे, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते. लगेच रुग्णालय गाठावे.

आता दात नीट पाहा. फक्त वरच्या पांढऱ्या कवचाचा कोपरा उडाला असेल तर सहसा दुखत नाही, कडा तेवढी जिभेला टोचते. आतला पिवळसर भाग दिसत असेल तर गार पाणी आणि वारा झोंबतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. मधोमध लाल किंवा गुलाबी ठिपका दिसला, तर दाताची नस उघडी पडली आहे. अशा वेळी त्याच दिवशी गेलेच पाहिजे.

अख्खा दात निघून आला तर

इथे मिनिटे मोजायची. दाताच्या मुळाभोवती डोळ्यांना न दिसणारा जिवंत पापुद्रा असतो. तोच दात पुन्हा हाडाला धरून ठेवतो. दात कोरडा राहिला तर अर्ध्या तासात त्यातला बराच भाग मरतो आणि तासाभरात जवळजवळ सगळा. म्हणून क्रमाने हे करा.

१. दात शोधा. पांढऱ्या, चावणाऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका.

२. माती लागली असेल तर दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याखाली काही क्षणच धुवा. घासू नका, साबण लावू नका, कापडाने पुसू नका.

३. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात त्याच्याच खाचेत हलक्या हाताने परत बसवा. शेजारचा दात पाहून पुढची बाजू पुढे येईल हे बघा. मग स्वच्छ रुमालाची घडी दातांत धरून हलके चावायला सांगा.

४. बसवण्याची हिंमत होत नसेल तर दात दुधात ठेवा. पिशवीतले साधे थंड दूध चालते, गरम किंवा साखर घातलेले नको. दूध मिळेपर्यंत मुलाला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत दात ठेवा. जास्त वेळ साध्या पाण्यात ठेवू नये, पण कोरड्या रुमालात गुंडाळण्यापेक्षा तेही बरे.

५. लगेच निघा. दुसरे कोणी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारील, तुम्ही थांबू नका.

उशीर झाला म्हणून दात फेकून देऊ नका. तासाहून जास्त वेळ गेला तरी डॉक्टर तो बसवून पाहतात. असा दात काही वर्षे जरी टिकला, तरी वाढत्या मुलाची जागा आणि हाड तेवढे दिवस राखले जाते.

दात पडला नाही पण हलतो आहे, वाकडा झाला आहे किंवा हिरडीत आत घुसला आहे, तर स्वतः ओढून सरळ करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जखमेला माती लागली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

डॉक्टर काय करतात?

पहिल्यांदा एक्स-रे काढतात, कारण मूळ मोडले आहे की नाही हे वरून कळत नाही. तुकडा असेल तर तो चिकटवतात, नसेल तर दाताच्या रंगाचे सिमेंट भरून दाताला आकार देतात. निघालेला किंवा हलणारा दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधतात. पूर्ण निघालेल्या दाताला ही तार साधारण दोन आठवडे, मूळ मोडले असेल तर चार आठवडे ठेवतात.

नस उघडी पडली म्हणजे लगेच रूट कॅनल, असे नसते. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या दाताचे मूळ पूर्ण तयार झालेले नसते. नस जिवंत राहिली तरच ते वाढून मजबूत होते. म्हणून या वयात डॉक्टर नसेचा वरचा थोडा भाग काढून तिच्यावर औषध बसवतात आणि बाकीची नस वाचवतात. जितके लवकर जाल तितकी ही संधी मोठी. मोठ्या माणसाच्या दाताला मात्र रूट कॅनल आणि नंतर कॅप लागू शकते.

घरी दोन आठवडे मऊ खाणे द्या. खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली पोळी चालेल. ऊस, कणीस, चिक्की, कैरी पुढच्या दातांनी तोडायची नाही. मऊ ब्रशने दात रोज घासायचेच, दुखते म्हणून सोडले तर हिरडी सुजते.

दुखणे थांबले, तरी जायचे

सर्वात जास्त दात इथे जातात. सिमेंट भरले, मूल हसू लागले, की पुढच्या तारखेला कोणी जात नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हालाही कळते. पण मार बसलेल्या दाताची नस काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही मरू शकते, आणि ती मरताना दुखेलच असे नाही. दात राखाडी किंवा काळपट दिसू लागणे, हिरडीवर पुळी येऊन पू येणे, दात पुन्हा हलणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून डॉक्टर दीड-दोन महिन्यांनी आणि पुढे वर्षभराने बोलावतात तेव्हा जावे. केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवा.

"काढून टाका" म्हटले तर

दात काढणे स्वस्त पडते असे वाटते, पण मुलाच्या बाबतीत ते महाग पडते. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तिथे स्क्रूचा कायमचा दात बसवता येत नाही. तोवर काढ-घालीचा दात वापरावा लागतो आणि रिकाम्या जागेचे हाड झिजत जाते. म्हणून होकार देण्याआधी विचारा, "डॉक्टर, हा दात वाचवता येईल का? आत्ता पैसे नसतील तर तात्पुरते काय करता येईल?" हे विचारणे आपला हक्क आहे.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सरकारी सोय आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. इतरत्र जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात चौकशी करा. ओपीडीच्या वेळा आजच विचारून ठेवा, घाईत ते सुचत नाही.

मंडळांसाठी

स्पर्धा भरवताना चषक आणि हारांसोबत एवढेही ठेवा: स्वच्छ गॉज, टॉर्च, झाकणाची लहान डबी, दुधाची एक पिशवी आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता लिहिलेला कागद. सीझन बॉलने खेळताना फलंदाज आणि जवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकाला जाळीचे हेल्मेट द्या. कबड्डी, कराटे, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुला-मुलींसाठी खेळाच्या दुकानात दातांचे गार्ड मिळते. ते गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबले की दातांच्या मापाचे होते. फरशीवर खेळण्याआधी खडी आणि वाळू झाडून घ्या.

वरचा पाच पायऱ्यांचा भाग कापून विहाराच्या किंवा मंडळाच्या फलकावर लावा आणि मुलांना एकदा वाचून दाखवा. दात पडतो तेव्हा बहुधा जवळ मोठे माणूस नसते. तो उचलून दुधात टाकणारा हात एखाद्या बारा वर्षांच्या मित्राचा किंवा मैत्रिणीचाच असेल.